स्ट्रिंग क्वार्टेट आणि लोकधून : कागदावर न उतरणाऱ्या गोष्टींचे काय होते?

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

दोन व्हायोलिन, एक व्हियोला आणि एक चेलो एवढ्याच भांडवलावर पाश्चात्त्य अभिजात संगीताने गेली अडीचशे वर्षे जो संसार थाटला आहे, त्यात लोकधुनेला नेमकी कोणती जागा मिळते, हा प्रश्न सध्या माझ्या डोक्यात घोळतो आहे. पाहुणी म्हणून ती ओसरीवर बसते की घरची होऊन थेट माजघरापर्यंत जाते, असे विचारले तरी चालेल.

दोन खुलासे आधीच करतो. ‘क्लासिकल’ला आपण सरसकट ‘शास्त्रीय’ म्हणतो; येथे मी ‘अभिजात’ हा शब्द वापरतो आहे, कारण शास्त्र विरुद्ध लोक असा सामना मला लावायचा नाही. ‘क्वार्टेट’ला ‘चौकडी’ म्हणावे असे फार मनात होते, परंतु मराठीत चौकडी म्हटले की आधी चांडाळ आठवतात, म्हणून क्वार्टेट हाच शब्द ठेवला आहे, चौघांच्या संचालाही आणि त्यांच्यासाठी लिहिलेल्या रचनेलाही.

निमित्त झाले ते डॅनिश स्ट्रिंग क्वार्टेटच्या ध्वनिमुद्रिकांचे. तीन डॅनिश वादक आणि एक नॉर्वेजियन चेलोवादक असा हा संच आहे. २००९ साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय क्वार्टेट स्पर्धेत पहिले आलेले हे वादक हायडन आणि बीथोव्हन पूर्ण शिस्तीने वाजवतात. बाखचा एखादा फ्यूग (एकच धून वेगवेगळ्या आवाजांत एकामागून एक आणणारी रचना), बीथोव्हनचे उत्तरकाळातील एक क्वार्टेट आणि त्यानंतरच्या काळातील एक रचना अशी सांगड घालणारी ‘प्रिझम’ ही पाच भागांची मालिकाही त्यांनी ध्वनिमुद्रित केली आहे. परंतु याच चौघांनी २०१४ मध्ये ‘वुड वर्क्स’, २०१७ मध्ये ‘लास्ट लीफ’ आणि २०२४ मध्ये ‘कील रोड’ असे लोकधुनांचे तीन संच काढले. पहिल्या संचात डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्याजवळील फानो बेटावरच्या सॉनडरहो या गावातील लग्नाच्या धुना आहेत. त्या ऐकताना प्रथम जाणवते ते असे की, बीथोव्हन वाजवताना ज्या डाव्या हातांच्या कंपनाने स्वर भरून येतात, तेच हात येथे जवळजवळ निश्चल आहेत. गज तारेवर टेकलेला आहे की नुसता फिरतो आहे असा संभ्रम पडावा इतका हलका आहे. आणि तरीही पायाला ठेका सोडवत नाही.

आता यात नवे काय, असे कोणी विचारील, आणि ते रास्तही आहे. क्वार्टेटच्या जन्मापासूनच लोकसंगीत त्याच्या दारात उभे आहे. हायडनच्या १७७२ सालच्या ओपस २० मधील चौथ्या क्वार्टेटमध्ये ‘जिप्सी पद्धतीचा’ असे स्पष्ट शीर्षक दिलेला एक मिन्युएट आहे. मिन्युएट तीन मात्रांचा. पण हायडनने आघात अशा ठिकाणी टाकले आहेत की, कानाला दोन-दोन मात्रांचे गट ऐकू येतात आणि दरबारी नाच नाचणाऱ्याचे पाय एकमेकांत अडकावेत. ही मला निव्वळ खोडी वाटत नाही, कारण कुठल्या तरी वाजवणाऱ्याला नीट कान देऊन ऐकल्याशिवाय अशी खोडी सुचत नाही.

याउलट बीथोव्हन. १८०६ साली त्याने व्हिएन्नामधील रशियन राजदूत राझुमोव्स्की यांच्यासाठी तीन क्वार्टेट लिहिली आणि यजमानाचा मान राखण्यासाठी छापील संग्रहातून रशियन धुना घेतल्या. पहिल्या क्वार्टेटच्या शेवटच्या भागात पहिले व्हायोलिन वर एक लांबलचक ट्रिल (दोन शेजारच्या स्वरांची झपाट्याने आलटापालट) धरून बसते आणि त्याखाली चेलो ती धून घेऊन येतो. प्रसंग देखणा आहे. मात्र संग्रहात ही धून संथ आणि उदास आहे, बीथोव्हनने ती उड्या मारायला लावली आहे. दुसऱ्या क्वार्टेटमध्ये त्याने जी धून घेतली, तीच पुढे रशियन संगीतकार मुसोर्गस्कीने ‘बोरिस गोदुनोव्ह’ या ऑपेरातील राज्याभिषेकाच्या प्रसंगात गंभीरपणे वापरली. बीथोव्हन मात्र ती चार वाद्यांत एकामागून एक अशी फिरवतो की, शेवटी शेवटी ते स्तोत्र राहत नाही, तालमीतला डाव होतो. मला तो भाग फार आवडतो, परंतु त्यात रशियन असे काय उरले आहे, हे मला सांगता येणार नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. धुनेचे स्वर कागदावर उतरवता येतात आणि एकदा उतरवले की कोणतेही क्वार्टेट ते वाजवू शकते. पण गजाचा दाब कुठे पडतो, मात्रा किती ओढायची, गंधार नेमका किती चढा ठेवायचा, या गोष्टी कागदावर येत नाहीत. आणि लोकसंगीत बहुतेक त्यांच्यातच असते. म्हणून क्वार्टेटने लोकधून ‘घेतली’ की नाही हे मी रचनेवरून ठरवत नाही. वाजवणाऱ्यांच्या हातांनी आपली सवय सोडली की नाही, यावरून ठरवतो. ही कसोटी योग्य आहे का, यावर जाणकारांनी, विशेषतः प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांनी, लिहावे अशी विनंती आहे.

खुली तार

कसोटी योग्य आहे, आणि ती किती जाचक आहे हे मी अनुभवाने सांगू शकतो. मी हौशी क्वार्टेटमध्ये दुसरे व्हायोलिन वाजवतो. काही वर्षांपूर्वी आम्ही एका स्वीडिश पोल्स्काचे, म्हणजे तिकडच्या लोकनाचाच्या धुनेचे, छापील स्वरलेखन आणले. तीन मात्रांची धून, दोन पाने, एकही अवघड जागा नाही. पहिल्याच बैठकीत आम्ही ती न अडखळता वाजवली आणि चौघांच्याही तोंडावर एकच भाव होता, की हा तर वॉल्ट्झ झाला. पहिली मात्रा जोरात, पुढच्या दोन हलक्या, असा अभिजात शिक्षणाने अंगात मुरलेला झोल आमच्या नकळत आला होता.

मग आम्ही कागद बाजूला ठेवले आणि एका लोकवादकाचे ध्वनिमुद्रण लावून नुसते त्याच्या पायाचा आवाज ऐकत बसलो. पोल्स्का वाजवणारा फिडलर, म्हणजे व्हायोलिनवर लोकधुना वाजवणारा, बसून पाय आपटतो आणि तो सहसा पहिल्या व तिसऱ्या मात्रेवर आपटतो. दुसरी मात्रा पायाला मिळत नाही, ती गजाकडे असते. शिवाय काही प्रांतांतील पोल्स्कात तिन्ही मात्रा समान लांबीच्या नसतातच. शेजारच्या नॉर्वेतील टेलेमार्क भागातला स्प्रिंगार हा नाच तर लांब, मध्यम, आखूड अशा तीन मात्रांवर चालतो, आणि वाजवणारे व नाचणारे दोघेही ते मोजत नाहीत, ते त्यांच्या अंगात असते. कागदावर मात्र तीन सारखे ठिपके दिसतात.

आम्ही नंतर काय केले, तर चेलोवाल्याला खुर्चीवर बसल्या बसल्या पाय आपटायला लावले आणि बाकीचे तिघे उभे राहून धून तोंडाने म्हणत खोलीत चाललो. हे सांगताना आजही थोडे ओशाळल्यासारखे होते. पण साधारण तिसऱ्या दिवशी दुसरी मात्रा आपल्या जागेवरून किंचित अलीकडे सरकली आणि एकदम सगळे सोपे झाले. तिघांना जमले, आमच्या पहिल्या व्हायोलिनला, जी आमच्यात सर्वांत उत्तम वाजवते, तिला सर्वांत जास्त वेळ लागला. तिच्या हातातली तालीम सर्वांत पक्की होती, हेच त्याचे कारण असावे.

आणखी एक मुद्दा. क्वार्टेटमधील चौघांनी एकाच क्षणी श्वास घेऊन एकदम स्वर लावायचा, ही आमची पहिली शिकवण असते. दोन फिडलर एकत्र वाजवतात तेव्हा त्यांचे स्वर मिळतात, पण नक्षीकाम मिळत नाही, आणि त्या न मिळण्यातच एक खरखरीत गोडवा असतो. तो हवा असेल तर क्वार्टेटला आपली सर्वांत मोठी कमाई, म्हणजे एकजीवपणा, थोडा बिघडवावा लागतो. व्यावसायिक वादकाला हे जाणूनबुजून करणे किती जड जात असेल, याची कल्पना करा.

तळसूर

मंद्रसप्तक यांनी बार्तोकचे नावही घेतले नाही, याचे आश्चर्य वाटले. कदाचित ते आमच्यासाठी राखून ठेवले असावे.

बार्तोक आणि कोदाय हे दोघे हंगेरियन संगीतकार १९०५-०६ पासून मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रण करणारा फोनोग्राफ घेऊन खेड्यापाड्यांत हिंडले. यामुळे एक मूलभूत फरक पडला. बीथोव्हनच्या हाती आलेली रशियन धून कुणीतरी आधीच ‘साफ’ करून छापलेली होती. बार्तोकला म्हाताऱ्या बाईने गाताना घेतलेला हेलकावा, मध्येच सोडलेला श्वास, सुराची घसरण, हे सर्व पुन्हा पुन्हा ऐकता आले, आणि त्याचे स्वरलेखन उत्तरोत्तर इतके बारीक होत गेले की, काही पाने पाहताना डोळे दुखतात.

गंमत अशी की, १९०९ ते १९३९ या काळात लिहिलेल्या त्याच्या सहा क्वार्टेटमध्ये सरळ उचललेली लोकधून सहसा सापडत नाही. सापडते ते व्याकरण. १९३४ च्या पाचव्या क्वार्टेटमधील मधला भाग ‘बल्गेरियन पद्धतीचा’ आहे, म्हणजे नऊ लहान मात्रा चार, दोन, तीन अशा विभागलेल्या आहेत. आपल्याकडे सात मात्रांचा रूपक किंवा दहाचा झपताल ऐकलेल्या माणसाला यात बिचकण्यासारखे काही नाही, पण तीन-तीन-तीनची सवय असलेल्या युरोपीय वादकाला ती लंगडी चाल वाटते. १९२८ च्या चौथ्या क्वार्टेटमध्ये एक अख्खा भाग गज खाली ठेवून केवळ बोटांनी छेडायचा आहे, आणि त्यात काही ठिकाणी तार इतक्या जोरात ओढून सोडायची आहे की, ती बोटपट्टीवर आपटून ‘टक्’ असा आवाज येतो. या आघाताला आज जगभर बार्तोक पिझिकाटो म्हणतात.

मला मात्र सांगायचे आहे ते वाद्यांबद्दल. ट्रान्सिल्व्हेनियातील (आजच्या रुमानियातील) खेड्यांतल्या वादकांचा संच पाहिला तर तो क्वार्टेटचा गावाकडचा चुलतभाऊ शोभेल असा असतो. धून वाजवणारा एक व्हायोलिनवाला पुढे. त्याच्या बाजूला ‘कोंत्रा’ नावाचा, बहुधा तीन तारांचा व्हियोला. आणि खाली बास. कोंत्राची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, मुद्दाम सपाट केलेली असते, त्यामुळे एकाच गजात तिन्ही तारा वाजतात आणि वादक धून न वाजवता केवळ स्वरगुच्छांचा ठेका देत राहतो. आपल्या नेहमीच्या व्हियोलाची घोडी कमानदार असल्यामुळे त्यावर एका वेळी दोनच तारा निवांत धरता येतात. तीन हव्या असतील तर गज मोडून, म्हणजे खालून वर झपकन फिरवून, त्यांचा भास निर्माण करावा लागतो. म्हणून क्वार्टेट जेव्हा ट्रान्सिल्व्हेनियन नाच वाजवते, तेव्हा व्हियोलावाल्याचे हाल होतात. कोंत्राचा तो घट्ट, दमदार, थोडासा गुदमरलेला ठेका त्याला दुसऱ्या व्हायोलिनच्या मदतीने, दोघांत वाटून, उभा करावा लागतो. तो वाटून घेतला आहे हे ऐकणाऱ्याला कळता कामा नये, हे या कामातले खरे कौशल्य.

ग्यिमेश भागात तर चेलोसारखे दिसणारे गार्दोन नावाचे एक वाद्य आहे, ज्याला गज नाहीच. उजव्या हातातील काठीने तारांवर मारायचे आणि डाव्या हाताने एखादी तार खेचून सोडायची. म्हणजे तंतुवाद्याच्या अंगात ढोलकी शिरली. चेलोवर गजाच्या लाकडी बाजूने मारण्याची पद्धत अभिजात संगीतात जुनीच आहे, परंतु हजारो-लाखो रुपयांचा गज असा आपटायला व्यावसायिक वादक सहजासहजी तयार होत नाहीत, आणि पुष्कळदा त्यासाठी एक स्वस्तातला वेगळा गज जवळ बाळगतात.

मागची रांग

सर्वांचे प्रतिसाद आवडीने वाचले, परंतु विरोधी सूर लावणे भाग आहे.

लोकधून नाचणारे थकेपर्यंत चालते. तिला सुरुवात आणि शेवट असतो तो सोयीपुरता. दोन भाग आहेत, ते आलटून पालटून वाजवत राहायचे, आणि रंग बदलतो तो वादकाच्या लहरीने. क्वार्टेटच्या हाती लागताच तिची चार मिनिटांची गोष्ट होते. आणि गोष्टही नेहमी तीच. आधी एकटे व्हायोलिन किंवा चेलो, धुक्यातून आल्यासारखे. मग खाली एक लांब धरलेला सूर. मग दुसऱ्या फेरीला थोडी छेडछाड. तिसऱ्या फेरीला चौघे मिळून दणदणाट. आणि शेवटी पुन्हा ते एकटे वाद्य विरून जाते. मी अशा दहा रचना सलग ऐकल्या आणि पाचवीपासून पुढे काय होणार हे आधीच सांगू लागलो. डॅनिश मंडळींच्या संचांतही हा साचा अधूनमधून डोके वर काढतो. हात बदलले असतील, पण घाट मैफिलीचाच राहिला.

दुसरी तक्रार श्रेयाची. मुद्रिकेवर ‘पारंपरिक’ एवढा एक शब्द छापला की काम भागते. वास्तविक उत्तर युरोपातील फिडलरांच्या परंपरेत धुनेबरोबर ती कोणाकडून आली हे सांगण्याचा रिवाज आहे. ‘अमक्याच्या मागून’ असे धुनेच्या नावातच असते. आपल्याकडे बंदिशीबरोबर गुरूचे नाव घेतात त्यातलाच हा प्रकार. तो एक शब्द छापल्याने ही सगळी साखळी पुसली जाते.

मंद्रसप्तक

श्रेयाबद्दल ‘मागची रांग’ यांच्याशी सहमत आहे, आणि त्या संदर्भात एक जुने, बऱ्यापैकी चांगले उदाहरण आठवते. क्नूत दाले नावाचे टेलेमार्कमधील एक वृद्ध फिडलर होते. आपल्यानंतर या धुना कोणी वाजवणार नाही, या काळजीने त्यांनी नॉर्वेजियन संगीतकार ग्रीगला पत्रे लिहिली. ग्रीगने हे काम व्हायोलिनवादक हाल्वोरसेनवर सोपवले, कारण हार्डांगर फिडल या नॉर्वेजियन लोकव्हायोलिनची वळणे पियानोवाल्यापेक्षा व्हायोलिनवाल्याला कळतील हे त्याने ओळखले होते. हार्डांगर फिडलला वाजवायच्या चार तारांखाली चार-पाच तरफा (आपोआप निनादणाऱ्या तारा) असतात, आपल्या सारंगीच्या तरफांसारख्याच, आणि घोडी बरीच सपाट असते, त्यामुळे दोन तारा सतत एकमेकींच्या संगतीने बोलतात. ग्रीगने त्यांवरून पियानोसाठी ओपस ७२ लिहिले, आणि त्याच सुमारास हाल्वोरसेनची मूळ लेखनेही छापली गेली. म्हणजे ज्याला ग्रीगने केलेला बदल तपासायचा आहे, त्याच्यापुढे दोन्ही कागद आहेत. आजच्या क्वार्टेटनी एवढे तरी करावे.

साच्याबद्दलची तक्रार मात्र मला अर्धीच पटते. वाजणाऱ्या संगीतावर नाचणारे कोणी नसेल, तर वेळ भरून काढण्याची जबाबदारी रचनेवर येणारच. फरक पडतो तो चौघांपैकी एखादा नाचाच्या बाजूने आला असेल तर. डॅनिश क्वार्टेटमधील रूने टॉन्सगार सॉरेन्सेन हे ‘ड्रीमर्स सर्कस’ या लोकसंगीताच्या त्रिकुटातही वाजवतात. ‘लास्ट लीफ’मध्ये त्यांनी स्वतः रचलेली एक धून आहे, जिचे बीज इंग्लंडमधील सोळाव्या-सतराव्या शतकातील डाउलंड या ल्यूटवादकाच्या एका शोकगीतात आहे. तिला धड पारंपरिक म्हणता येत नाही आणि धड नवीनही म्हणता येत नाही, पण ती ऐकताना घाट मैफिलीचा आहे की नाचाचा, हा प्रश्न मला पडला नाही.

‘मागची रांग’ यांच्या आक्षेपाला क्रोनोस क्वार्टेटने दिलेले उत्तर वेगळे आहे, आणि मला ते विचार करण्याजोगे वाटते. १९७३ साली स्थापन झालेल्या या अमेरिकी संचाने स्वतः जाऊन लोकधुना जमवण्याऐवजी त्या त्या परंपरेत वाढलेल्या संगीतकारांनाच क्वार्टेटसाठी लिहायला सांगितले. १९९२ च्या ‘पीसेस ऑफ आफ्रिका’मध्ये ऊद हे अरबी तंतुवाद्य वाजवणारे इजिप्तमधील न्युबियन हमझा अल दीन आहेत, एम्बिरा हे अंगठ्यांनी छेडायचे वाद्य वाजवणारे झिम्बाब्वेचे डुमिसानी मराइरे आहेत. धून कोणाची, हा प्रश्नच तेथे उरत नाही. २००५ साली त्यांनी राहुलदेव बर्मन यांच्या चित्रपटगीतांची मुद्रिका केली, तेव्हा गाण्यासाठी साक्षात आशा भोसले होत्या आणि तबल्यावर झाकीर हुसेन. चित्रपटसंगीत म्हणजे लोकसंगीत नव्हे, हे मान्य. पण मूळ परंपरेतील माणूस मध्यभागी बसवायचा आणि क्वार्टेटने साथीला जायचे, ही मांडणी मला प्रामाणिक वाटते.

खुली तार

क्रोनोसचा विषय निघालाच आहे तर २००९ च्या ‘फ्लडप्लेन’ या मुद्रिकेतील मिश्र भैरवीची आलापी अवश्य ऐकावी. रामनारायण यांच्या सारंगीवरून ती घेतली आहे आणि सारंगीची ओळ व्हियोलाकडे दिली आहे. निवड अगदी अचूक आहे. व्हियोलाच्या मधल्या तारांत जो किंचित नाकातला, घोगरा आवाज असतो, तो अभिजात क्वार्टेटमध्ये बहुतेक वेळा झाकला जातो. येथे तो पुढे आला आहे.

तरीही कान देऊन ऐकल्यास एक गोष्ट लक्षात येते. सारंगीवादक तार दाबतो ती नखांच्या मुळाशी असलेल्या कातडीने आणि बाजूने. बोट तारेवर पडत नाही, तिला लागून सरकते. त्यामुळे मींड ही सारंगीची मूळ चाल आहे आणि सुटा स्वर हा अपवाद. व्हियोलावर नेमके उलटे आहे, बोट वरून टेकते आणि सरकवायचे असेल तर वेगळा प्रयत्न करावा लागतो. ही आलापी वाजवणाऱ्याने तो प्रयत्न जवळजवळ अदृश्य केला आहे. जवळजवळ. एके ठिकाणी कोमल ऋषभावरून षड्जावर येताना बोट ‘पोहोचते’, आणि सारंगीत ते कधीच पोहोचत नाही, तिथे आधीपासून असते.

अनुनाद

अभिजात आणि लोक यांच्या नात्याबद्दल बोलताना कुमार गंधर्वांचा उल्लेख कसा झाला नाही? माळव्यातील लोकगीते जमवून त्यांनी लोकधुनांतून राग उभे केले, त्यांना धुनउगम राग असे नावही दिले. क्वार्टेटवाले धुनेला सजवतात. कुमारांनी धुनेचे बी पेरले. ही तुलना कोणी विस्ताराने करील का?

मंद्रसप्तक

तुलना महत्त्वाची आहे, पण तिला स्वतंत्र धागा लागेल. एवढेच सुचवतो की, कुमारांच्या हाती राग नावाची चौकट होती, जिच्यात एकटा माणूस तासभर विस्तार करू शकतो. क्वार्टेटकडे विस्ताराचे साधन म्हणजे चार आवाजांचा संवाद. म्हणून तेथे धून वाढते ती लांबीने कमी आणि जाडीने जास्त. या दृष्टीने तळसूर यांनी सांगितलेला बार्तोकच कुमारांच्या अधिक जवळचा.

तिसरी घंटा

मी वादक नाही. कार्यक्रमांच्या आयोजनात बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून व्यवहाराची बाजू मांडतो.

व्यावसायिक क्वार्टेट म्हणजे चार माणसांनी एकच नोकरी करणे. रोजची तालीम, प्रवास, आणि चेलोसाठी विमानात वेगळे आसन, हा सर्व खर्च चौघांत वाटायचा असतो. अशा संचाने लोकधुना घेतल्या की, श्रोते वाढतात हे खरे आहे, आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते. एका संचाच्या बाबतीत मी पाहिले आहे की, कार्यक्रमाचा पूर्वार्ध हायडन आणि बीथोव्हनला, उत्तरार्ध लोकधुनांना, असे ठरले होते. दोन वर्षांनी एका आयोजकाचे पत्र आले की, पूर्वार्ध गाळता आला तर बरे. संचातील दोघांना ते चालणार होते, दोघांना नव्हते. क्वार्टेटमध्ये मतदान बरोबरीत सुटते, ही या वाद्यवृंदाची जन्मजात अडचण आहे. शेवटी त्यांनी उपाय काढला तो असा की, दोन्ही प्रकार वेगळे ठेवायचेच नाहीत. बार्तोकच्या दोन भागांच्या मध्ये मध्यंतर न घेता एक खेड्यातली धून वाजवायची, टाळ्यांना जागाच ठेवायची नाही. पहिल्या प्रयोगाला श्रोते गोंधळले. धून कुठे संपली आणि बार्तोक कुठे सुरू झाला, असे एका गृहस्थांनी मला बाहेर पडताना थोडे रागानेच विचारले, आणि मलाही पटकन सांगता आले नाही.

शिकणाऱ्यांसाठी एक माहिती देतो. क्रोनोसने ‘फिफ्टी फॉर द फ्यूचर’ या उपक्रमात जगातील वेगवेगळ्या परंपरांतील संगीतकारांकडून पन्नास नव्या रचना लिहवून घेतल्या आणि त्यांचे स्वरलेखन सर्वांसाठी मोफत ठेवले आहे. हौशी संचांनी तेथून सुरुवात करावी. सोबत ध्वनिमुद्रणेही आहेत, त्यामुळे कागदावर काय नाही हे लगेच कळते.

मागची रांग

बार्तोकच्या मध्ये धून, ही कल्पना ऐकून माझा विरोध थोडा सैल झाला आहे, हे मान्य करतो. साच्याला उत्तर आहे ते बहुधा हेच. धुनेला स्वतःची चार मिनिटांची गोष्ट सांगायला लावू नये, तिला दुसऱ्या कशाच्या तरी शेजारी बसवावे.

आता एक साधा प्रश्न. माझ्यासारख्या केवळ ऐकणाऱ्याने हे सर्व पारखायचे कसे? मला व्हियोलाची घोडी दिसत नाही आणि गजाचा दाबही दिसत नाही.

खुली तार

डोळे मिटून दुसऱ्या मात्रेकडे लक्ष द्यावे. आधी एकट्या फिडलरची पोल्स्का चार-पाच वेळा ऐका, पायाच्या आवाजासकट; पहिल्या दोन वेळा काहीच कळणार नाही, त्याची चिंता करू नये. मग क्वार्टेटची कोणतीही पोल्स्का लावा आणि वरची धून सोडून देऊन फक्त चेलो ऐका. चेलोवादक दुसऱ्या मात्रेवर आडवा स्वर टाकत असेल, सरळ आणि घड्याळासारखा, तर वरती कितीही सुंदर नक्षी असली तरी खाली वॉल्ट्झ चालला आहे असे समजा. आणि तो त्या मात्रेवर गज उचलून थांबत असेल, किंचित घाईने तिसरीकडे झेपावत असेल, तर मग वर काय चालले आहे ते ऐकायला हरकत नाही.

आमच्या चेलोवाल्याला हे वाचून दाखवले. तो म्हणाला की, यात त्याच्या उजव्या टाचेचा उल्लेख राहिला आहे. पोल्स्का बसवल्यापासून त्याच्या बुटाची ती टाच दुसरीपेक्षा लवकर झिजते.